पंप थांबल्यावर काय पाहाल? तेलविहीर खोदताना छिद्रदाबावर ठेवायची नजर

मडलॉगिंग युनिटमध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना पहिल्याच आठवड्यात एक सूचना मिळते: "पोअर प्रेशरवर लक्ष ठेवा." लक्ष नेमकं कशावर ठेवायचं, हे मात्र कोणी समोर बसून सांगत नाही. रिगवर तेवढी उसंत नसते. शिवाय हा दाब दाखवणारा काटा तिथे कुठेच नसतो. स्टँडपाइपचा दाब दिसतो, पंपाचे स्ट्रोक दिसतात, पिटमधल्या मडची पातळी दिसते. तीन किलोमीटर खालच्या खडकात कोंडलेल्या पाण्याचा दाब मात्र खोदकाम चालू असताना सहसा कोणत्याही पडद्यावर थेट येत नाही, तो ताडावा लागतो. ताडण्याच्या त्या कामाविषयी हा लेख आहे. तेलविहिरींवर काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या मडलॉगर, भूवैज्ञानिक आणि ड्रिलिंग इंजिनिअर मंडळींना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

खडक कितीही घट्ट दिसला तरी त्याच्या कणांमधल्या फटींत पाणी, तेल किंवा वायू असतो. त्याचा दाब म्हणजे छिद्रदाब. फटी थेट वरपर्यंत एकमेकींना जोडलेल्या असतील, तर हा दाब तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतकाच असतो. आपल्याकडच्या रिगवर त्याचा हिशेब सोपा आहे: मीटरमधली खोली गुणिले घनता, भागिले दहा. उत्तर किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येतं. ३,००० मीटरवर १.०५ घनतेच्या खाऱ्या पाण्याचा दाब ३१५ किलो भरतो. हा झाला सामान्य दाब. खोली घेताना मात्र उभी खोली घ्यायची, वळत गेलेल्या विहिरीची लांबी नव्हे. ही चूक फार सहज होते, आणि तिरक्या विहिरीत तिने सगळा हिशेब बिघडतो.

फटी वरपर्यंत जोडलेल्या नसल्या की गोष्ट बदलते. श्रीखंडासाठी दही पंच्यात बांधून टांगलं की पाणी निथळतं आणि चक्का घट्ट होत जातो. तेच दही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर पाटा ठेवला, तर पाणी बाहेर पडत नाही, दही घट्ट होत नाही आणि पाट्याचं वजन पाणीच पेलत बसतं. मोठ्या नद्यांच्या मुखाशी, जिथे गाळ भराभर साचतो, तिथे चिकणमातीच्या थरांचं नेमकं हेच होतं. पाणी निघून जाण्याआधीच वर नवा थर येऊन पडतो. कार्ल टर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेला नियम इथे कामाला येतो: वरच्या थरांचा एकूण भार खडकाचा सांगाडा आणि फटींतला द्रव मिळून पेलतात. द्रवाने जास्त पेलला तर सांगाड्यावर कमी येतो आणि खडक जितका दबायला हवा तितका दबत नाही. तो त्या खोलीच्या मानाने मऊ आणि सच्छिद्र राहतो. खोदकाम करताना आपण जे संकेत वाचतो, त्यातले बरेचसे या एका गोष्टीतून निघतात.

कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हे सगळं पाहायला मिळतं. तिथले वडपर्रू आणि राघवपुरम हे शेलचे थर जास्त दाबासाठी ओळखले जातात. तिथल्या खोल विहिरींना दाब आणि तापमान अशा दोन्ही बाजूंनी तोंड द्यावं लागतं. याच खोऱ्यात, तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या पासरलापुडी इथे ८ जानेवारी १९९५ रोजी ब्लोआउट झाला आणि ती विहीर दोन महिन्यांहून अधिक काळ पेटलेली होती. मुंबई हायची तऱ्हा वेगळी. १९७४ साली 'सागर सम्राट' रिगने तिथे तेल शोधलं. तिथला मुख्य साठा एल-३ या चुनखडीच्या थरात आहे आणि कित्येक दशकांच्या उत्पादनामुळे त्याचा दाब उतरलेला आहे. तिथे मड विहिरीतून खडकात निघून जाण्याची चिंता आधी असते. त्यामुळे एका क्षेत्रातला अनुभव दुसऱ्या क्षेत्रात जसाच्या तसा नेऊ नका. मुंबईच्या समुद्रात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसालाही काकिनाड्याच्या किनाऱ्यावर नव्याने शिकावं लागतं.

खोदण्याआधीचा अंदाज

विहीर सुरू होण्याआधी हातात एक आलेख येतो. त्यावर तीन रेषा असतात: छिद्रदाब, खडक फुटण्याचा दाब आणि वरच्या थरांचा भार. मडची घनता पहिल्या दोन रेषांच्या मधे ठेवायची असते. हा आलेख भूकंपीय वेगांवरून आणि शेजारच्या विहिरींच्या नोंदींवरून काढलेला असतो. त्याची एक छापील प्रत युनिटच्या भिंतीवर लावा आणि प्रत्यक्षात जे दिसेल ते पेन्सिलीने त्याच्यावरच काढत जा. अंदाज आणि वास्तव एका कागदावर आले की फरक लगेच नजरेत भरतो.

शेजारच्या विहिरीबाबत एक खबरदारी घ्या. तिथे १.४० चा मड वापरला होता, एवढ्यावरून तिथला छिद्रदाब १.४० होता असं ठरत नाही. कोणी सावधपणे जड मड वापरला असेल, कोणी भिंत ढासळते म्हणून वाढवला असेल. तिथे दाब प्रत्यक्ष मोजला होता का, किक आली होती का (म्हणजे खडकातला द्रव विहिरीत घुसला होता का), कनेक्शन गॅस कोणत्या खोलीपासून दिसू लागला, हे त्या विहिरीच्या रोजच्या अहवालात शोधा. एका दुपारचं काम आहे, आणि माझ्या मते रिगवर जाण्याआधी करण्यासारखं याहून मोलाचं काम नाही.

डी-एक्सपोनंट: एक उदाहरण सोडवून

खडक खोलीबरोबर घट्ट होत जातो, म्हणून बाकी सगळं सारखं ठेवलं तर खोदण्याचा वेग हळूहळू कमी व्हायला हवा. तो उलट वाढू लागला, तर खडक मऊ झाला असण्याची शक्यता असते. पण रिगवर बाकी सगळं सारखं कधीच राहत नाही. ड्रिलर बिटवरचं वजन बदलतो, फेरे बदलतो. हे बदल वगळून खडकाचा घट्टपणा दाखवणारा आकडा जॉर्डन आणि शर्ली यांनी १९६६ साली सुचवला, तो डी-एक्सपोनंट. पुढे १९७१ मध्ये रेम आणि मॅक्लेंडन यांनी मडच्या घनतेची दुरुस्ती त्यात घातली, तो डीसी.

आकडा संगणक काढतो, पण एकदा तरी तो स्वतः हाताने काढा. समजा, ३,००० मीटर खोली, सव्वाबारा इंचांचा बिट, वेग तासाला १६ मीटर म्हणजे ५२.५ फूट, मिनिटाला १२० फेरे आणि बिटवर ३०,००० पाउंड वजन. आधी वेगाला फेऱ्यांच्या साठपटीने भागायचं: ५२.५ भागिले ७,२०० म्हणजे ०.००७२९. त्याचा लॉग उणे २.१३७. मग वजनाच्या बारापटीला बिटच्या व्यासाच्या दहा लाख पटीने भागायचं: ३,६०,००० भागिले १,२२,५०,००० म्हणजे ०.०२९४. त्याचा लॉग उणे १.५३२. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.३९५ येतो, हा डी. आता मडची दुरुस्ती. त्या भागातला सामान्य दाब १.०५ घनतेचा आणि वापरातला मड १.२६ चा, म्हणून १.३९५ गुणिले १.०५ भागिले १.२६. उत्तर १.१६. हा झाला डीसी.

एकटा १.१६ काहीच सांगत नाही. वरच्या सामान्य दाबाच्या शेलमधून गेलेली डीसीची रेषा पुढे वाढवली असता ३,००० मीटरवर १.४० यायला हवा होता असं समजू. मग ईटन यांचं १९७५ चं सूत्र वापरायचं. १.१६ भागिले १.४० म्हणजे ०.८२९, त्याचा १.२ वा घात साधारण ०.८०. वरच्या थरांचा भार २.२५ घनतेचा धरला, तर त्यातून सामान्य दाबाचे १.०५ वजा करून १.२० उरतात. त्याला ०.८० ने गुणलं की ०.९६. हे २.२५ मधून वजा करा: छिद्रदाब १.२९ घनतेचा.

आता विहिरीत मड आहे १.२६ चा. स्थिर स्तंभाचा दाब ३७८ किलो, खडकाचा अंदाजे ३८७. म्हणजे आपण नऊ किलोंनी कमी आहोत. मग विहीर वाहत कशी नाही? पंप चालू असताना मड वर ढकलण्यासाठी लागणाऱ्या घर्षणाच्या दाबाची भर तळाशी पडते. त्या वेळी तळाला जाणवणारी घनता, म्हणजे ईसीडी, १.३० असेल तर दाब ३९० किलो होतो. पंप चालू आहे तोवर तीन किलो जास्त, पंप थांबला की नऊ किलो कमी. ड्रिलिंग चालू असताना सगळं आलबेल दिसतं. खरी परीक्षा कनेक्शनच्या वेळी, नवा पाइप जोडण्यासाठी पंप बंद होतो त्या चारपाच मिनिटांत होते.

डीसी कुठे चालत नाही तेही माहीत असू द्या. तो फक्त शेलसाठी आहे. वालुकाश्म आणि चुनखडीतले बिंदू आलेखातून सरळ वगळा, नाहीतर रेषा भलतीकडे जाईल. बिट बदलला की रेषा सरकते. झिजलेल्या बिटच्या जागी नवा आला की वेग वाढतो, डीसी घसरतो आणि नवखा माणूस दाब वाढला म्हणून ओरडतो. विहिरीचा व्यास बदलला तरी तेच. हे सूत्र दातेरी रोलर बिटच्या काळातलं आहे. आजचे पीडीसी बिट खडक खरवडून कापतात, त्यांच्यासाठी रेषा बऱ्याचदा सपाट येते आणि दाबाचा फरक तितका उठून दिसत नाही. खाली मड मोटर असेल तर वरच्या फेऱ्यांत मोटरचे फेरे मिळवले आहेत का, हे पाळी सुरू होताच तपासा. खोल आणि गरम थरांमध्ये आणखी एक अडचण असते. तिथे चिकणमातीच्या खनिजांत होणारे बदल किंवा तेल-वायूची निर्मिती यांमुळे दाब वाढतो तो खडक आधीच घट्ट दबून गेल्यावर. खडक मऊ दिसत नाही, दाब मात्र वाढलेला असतो. बॉवर्स यांनी १९९५ मध्ये याच्यासाठी वेगळी पद्धत मांडली. कृष्णा-गोदावरीसारख्या ठिकाणी खोल गेल्यावर डीसी सुरळीत आहे म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं आहे.

कनेक्शन गॅस

म्हणून पंप थांबल्यावर काय होतं, इकडे माझं सर्वांत जास्त लक्ष असतं, आणि तुमचंही असावं.

कनेक्शनच्या वेळी तळाचा दाब खाली येतो. खडकाचा दाब त्याहून जास्त असेल तर थोडा वायू विहिरीत झिरपतो. पंप पुन्हा सुरू झाला की हा वायू मडबरोबर वर येतो आणि डिटेक्टरवर एक टोक उमटतं. त्याचं टोकदार, अरुंद रूप आणि वेळ या दोन्हींवरून तो ओळखता येतो: कनेक्शननंतर बरोबर एका लॅग टाइमने, म्हणजे तळातला मड वर यायला लागणाऱ्या वेळाने, तो दिसायला हवा. एखाद्या कनेक्शनला टोक आलं म्हणून लगेच घाबरायचं नाही. पाइप वर उचलताना बिट पिस्टनसारखा काम करतो आणि तेवढ्यानेही थोडा वायू ओढला जातो. पाहायचा आहे तो क्रम. एका कनेक्शनला एक टक्का, पुढच्याला पावणेदोन, त्यापुढच्याला तीन, आणि मधल्या काळातला बॅकग्राउंड गॅसही पूर्वीच्या पातळीवर परतत नाही, असं चित्र दिसलं तर तोल सुटत चालला आहे.

यात एक गल्लत नेहमी होते. खोदल्या गेलेल्या खडकाच्या तुकड्यांत जो वायू होता तो वर येणारच. वायूने भरलेला थर कापला तर गॅस वाढेल, मड कितीही जड असला तरी वाढेल. त्याला उत्तर म्हणून मड जड करत गेलात तर गॅस कमी होणार नाही, खडक फुटण्याची जोखीम मात्र वाढेल. खोदकाम थांबवून मड फिरवत ठेवा. तुकड्यांतला गॅस असेल तर एका लॅगनंतर तो उतरतो. उतरला नाही, तर वायू भिंतीतून येतो आहे.

हे सगळं लॅग टाइमवर उभं आहे, आणि लॅग अनेकदा चुकीचा असतो. वरच्याच उदाहरणात पाइप पाच इंचांचा आणि पंप मिनिटाला ८०० गॅलनचा धरला, तर तळातला मड वर यायला तासाच्या थोडं वर लागतं. तेवढ्या वेळात बिट आणखी १६ मीटर खाली गेलेला असतो. विहिरीची भिंत ढासळून व्यास वाढला असेल तर वेळ आणखी वाढतो. म्हणून हिशेबावर विसंबू नका, मोजून पाहा. कॅल्शियम कार्बाइडची कागदी पुडी कनेक्शनच्या वेळी पाइपात टाका. मडमधल्या पाण्याशी त्याचा संयोग होऊन ॲसिटिलीन तयार होतो आणि डिटेक्टरवर त्याचं टोक येतं. मात्र पाइपातून खाली जायला लागलेला वेळ त्यातून वजा करायला विसरू नका. तेलाच्या मडमध्ये कार्बाइडचा उपयोग नाही. तिथे मूठभर तांदूळ टाकून शेकरवर कधी येतात ते पाहिलं तरी चालतं, फक्त पाइपात खाली मोटर किंवा मापन यंत्रं असतील तर आधी ड्रिलरला विचारा.

शेकरवर जाऊन पाहा

पडद्यासमोर बसून जे कळत नाही ते शेल शेकरवर कळतं. बिटने कापलेले तुकडे लहान असतात. भिंतीतून तुटून आलेले तुकडे, म्हणजे कॅव्हिंग्ज, मोठे असतात. पीडीसी बिटने खोदताना हा फरक फारच स्पष्ट दिसतो. असा एखादा तुकडा हातात घ्या, मड धुऊन टाका आणि आकार नीट पाहा. लांबट, पातळ, कडेला धारदार आणि आतून किंचित वळलेला असेल तर तो दाबाने भिंतीतून सुटलेला आहे: मड हलका पडतो आहे. अनियमित, खडबडीत पृष्ठांचा, कोनदार तुकडा असेल तर भिंत ताणाखाली तुटते आहे. तिथेही मड वाढवण्याने सहसा फायदा होतो, पण कारण छिद्रदाबच असेल असं नाही. दोन बाजू सपाट आणि एकमेकींना समांतर असतील तर खडकात आधीपासूनच भेगा आहेत. इथे मड जड केला तर तो भेगांत शिरून आणखी तुकडे मोकळे करील. तिन्ही तऱ्हांना लॉगवर नुसतं 'कॅव्हिंग्ज' लिहून मोकळं होणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या एका शब्दावर खाली ऑफिसात बसलेला माणूस नेमका उलटा निर्णय घेऊ शकतो. आकार लिहा, सर्वांत मोठा तुकडा किती सेंटिमीटरचा ते लिहा, शेकरवर मिनिटाला किती माल येतो आहे त्याचा अंदाज लिहा, आणि पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा.

बाकीचे संकेत थोडक्यात सांगतो. पाइप उचलताना जास्त ओढ लागणं, टॉर्क वाढणं, ट्रिपनंतर तळाशी गाळ साचलेला सापडणं, बाहेर येणाऱ्या मडचं तापमान बदलणं, मडमधलं क्लोराइड वाढणं. यातल्या प्रत्येकाला दाबाखेरीज दुसरीही कारणं असतात. दोन-तीन एकाच खोलीच्या आसपास जमले की मात्र त्यांना वजन येतं.

शेल इशारा देतो, वाळू वेळ देत नाही

वरच्या उदाहरणात विहीर नऊ किलोंनी कमी असूनही शांत राहू शकते, कारण शेलमधून द्रव जवळजवळ वाहत नाही. दाब जास्त असूनही तो फक्त थोडा गॅस आणि कॅव्हिंग्ज देतो. त्याच दाबाचा सच्छिद्र वालुकाश्म बिटखाली आला की तो लगेच वाहू लागतो. शेलमध्ये मिळालेला अवधी हाच तयारीचा अवधी, कारण नंतर मिनिटं उरतात. त्यातही थर तिरका असेल तर त्याच्या वरच्या टोकाला वाळूतला दाब शेजारच्या शेलपेक्षाही जास्त असू शकतो, कारण खालच्या टोकाचा दाब वाळूतून वरपर्यंत पोचलेला असतो. म्हणून शेलवरून काढलेला आकडा वाळूला तसाच लावताना भूवैज्ञानिकाला थराची रचना विचारा. वाळूत दाब प्रत्यक्ष मोजता येतो. खोदताना मोजणारी यंत्रंही आता आहेत, आणि असा एक खरा आकडा मिळाला की आपला सगळा अंदाज त्याच्याशी ताडून सुधारून घ्यायचा.

हा अवधी वाया जातो तेव्हा काय होतं, त्याची चांगली नोंद मेक्सिकोच्या आखातातल्या मॅकोंडो विहिरीच्या चौकशीत आहे. २० एप्रिल २०१० च्या स्फोटात ११ जण गेले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्रीची कारणं सिमेंट आणि चुकीचा अर्थ लावलेली दाबचाचणी ही होती. पण त्याआधी ८ मार्चला, १३,००० फुटांहून थोडं खाली खोदत असताना, त्याच विहिरीत किक आली होती. ती ओळखायला कर्मचाऱ्यांना सुमारे अर्धा तास लागला. विहीर बंद करता आली, पण पाइप अडकला, तो तोडावा लागला आणि बाजूने नवी वाट खोदावी लागली. पुढे छिद्रदाब आणि खडक फुटण्याचा दाब यांतलं अंतर इतकं कमी झालं की ठरवलेल्या खोलीच्या बरंच आधी, १८,३६० फुटांवर, खोदकाम थांबवण्यात आलं. मार्चमधली ती घटना प्रशिक्षणात फार कमी शिकवली जाते, ती शिकवायला हवी. त्या अर्ध्या तासात विहीर भरत होती आणि रिगवर ते लक्षात आलं नव्हतं.

संशय आला तर

आत जाणाऱ्या मडपेक्षा बाहेर येणारा मड वाढला, पिटची पातळी चढली, किंवा वेग अचानक दुप्पट झाला, तर ड्रिलरला लगेच फोन करा आणि फ्लो चेक मागा. पाइप उचलायचा, पंप थांबवायचा, विहीर वाहते का ते डोळ्यांनी पाहायचं. वाहत असेल तर विहीर बंद करायची, चर्चा नंतर. कंपनीच्या माणसाला झोपेतून उठवावं लागेल या संकोचापायी कोणी थांबत असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की थांबायचं नाही.

खरा घोळ होतो तो पंप बंद केल्यावर विहीर थोडीशी वाहते तेव्हा. कधी ती किक नसते. पंप चालू असताना भिंतीतल्या बारीक भेगांत शिरलेला मड पंप थांबताच परत येतो. याला रिगवर बलूनिंग म्हणतात. दोन्ही वेगळे ओळखण्यासाठी आधीपासून नोंदी हव्यात. केसिंगच्या तळाशी, म्हणजे नवा भाग खोदायला घेण्याआधी, पंप बंद करून किती मड किती मिनिटांत परत येतो ते मोजून ठेवा, आणि पुढे प्रत्येक कनेक्शनला त्याच आलेखावर नवी रेषा काढा. बलूनिंगचा प्रवाह मिनिटामिनिटाला कमी होत जातो आणि दर वेळी साधारण तसाच दिसतो. किकचा प्रवाह टिकून राहतो किंवा वाढतो. रेषा जराही वेगळी वाटली तर ती किक समजा. 'बलूनिंगच आहे' हे वाक्य पुराव्याआधी उच्चारलं गेलं की पुढे कोणी आकड्यांकडे पाहत नाही, म्हणून मला त्या वाक्याची धास्ती वाटते.

मड किती वाढवायचा? उदाहरणातल्या विहिरीत १.२९ चा अंदाज आला, म्हणजे स्थिर मड त्याच्या थोडा वर, १.३२ च्या आसपास हवा. पण आधी पाहा की शेवटच्या केसिंगखालच्या लीक-ऑफ चाचणीत खडकाने किती सोसलं होतं. ते १.५५ असेल तर पुरेशी जागा आहे. १.३८ असेल तर १.३२ चा मड पंप चालू झाल्यावर १.३६ वर जाईल, आणि पाइप जरा जोरात खाली सोडला तरी खडक फुटेल. खडक फुटला की मड आत जातो, स्तंभाची उंची घटते, आणि जिच्यासाठी मड जड केला तीच किक येते. अशा वेळी खोदकाम थांबवून केसिंग उतरवण्याचा विचार व्हायला हवा. तो निर्णय तुमचा नसेल, पण त्यासाठी लागणारे आकडे तुमच्याकडेच असतात. वाढवायचंच ठरलं तर एकदम उडी न घेता ०.०२-०.०३ च्या पायऱ्यांनी, पूर्ण फेरी मारून, दर पायरीला कनेक्शन गॅस पाहत वाढवा.

ट्रिपच्या आधी हे सगळं पुन्हा तपासा. पाइप बाहेर काढताना पंप तासन् तास बंद असतो आणि वर ओढण्याने दाब आणखी खाली जातो. ट्रिप टँकमध्ये बाहेर निघालेल्या पोलादाच्या आकारमानाइतका मड विहिरीने प्यायला हवा. कमी प्यायली तर उरलेली जागा खालून कोणीतरी भरली आहे. दर पाच स्टँडला आकडा लिहा आणि तो मागच्या ट्रिपच्या आकड्याशेजारी ठेवा. तळाजवळचे पहिले काही स्टँड सर्वांत महत्त्वाचे आहेत. तिथे फरक आला तर पाइप परत तळाशी नेऊन मड फिरवणं सोपं असतं. बाराशे मीटर वर आल्यावर तेच काम फार अवघड होतं.

पाळी बदलताना तोंडी निरोपावर भागवू नका. कागदावर लिहून द्या: सध्याचा मड आणि ईसीडी, छिद्रदाबाचा तुमचा अंदाज आणि तो कशावरून काढला, शेवटच्या पाच कनेक्शनचे गॅस आणि परत आलेला मड, कॅव्हिंग्जचा आकार आणि प्रमाण, लॅग शेवटचा कधी मोजला, पुढची अपेक्षित वाळू किती मीटरवर. अंदाजापुढे खात्री किती तेही लिहा, जसं की '१.२७ ते १.३१, डीसी आणि गॅस जुळतात, पण दोनशे मीटर मागे बिट बदलला आहे'. आणि त्याखाली पुढच्या कनेक्शनची वेळ लिहा, म्हणजे पंप थांबेल तेव्हा नवा माणूस पडद्यासमोर असेल.